नळाशी मागितलेली माफी

मी एक बाक बोलतोय. शिलाईच्या कारखान्याच्या मागच्या दारी, नळाशेजारी माझी जागा. दोन माणसं बसतील एवढीच माझी लांबी. तिसऱ्याला उभंच राहावं लागतं.

सुताराने मला खरं तर नमाजाआधी वजू करताना, म्हणजे हातपाय धुताना, टेकायला म्हणून बनवलं. पण कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे सगळ्यांच्या चाचांनी, मला दुसरंही काम दिलं. कुणाची चूक झाली की चाचा हळूच म्हणायचे, "जरा बाहेर ये." मग इथे शेजारी बसवून खालच्या आवाजात समजावायचे. आपल्या माणसाचा दोष झाकावा, चारचौघांत त्याची अब्रू काढू नये, हीच आपल्या दीनाची, धर्माची शिकवण, असं ते म्हणत. किती टाके उसवले, किती कॉलर उलट्या लागल्या, सगळं माझ्या पोटात आहे. त्याचा मला भारी तोरा होता.

कापड बेतणारे मास्तर कारखान्यात सर्वांत जुने. वीस वर्षांत ते माझ्यावर फक्त पाय धुवायला बसले. ऐकून घ्यायला कधीच नाही.

एका सकाळी शाळेच्या गणवेशाच्या दोनशे बाह्या दोन इंच आखूड निघाल्या आणि चाचांचा तोल गेला. दार उघडंच होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मास्तर, डोळे घरी ठेवून येता का? होत नसेल तर तसं सांगा."

सगळी मशिनं थांबली.

दुपारी मापाची चिठ्ठी सापडली. आकडा चाचांनीच चुकीचा लिहिला होता.

ते मास्तरांना घेऊन माझ्याकडे आले. सवयच होती ती.

"चूक माझी होती, मास्तर. मला माफ करा. तुम्ही माफ केल्याशिवाय वरचाही करणार नाही."

"केलं माफ," मास्तर म्हणाले. "पण चाचा, ओरडलात आत. माफी मात्र नळाशी मागताय."

"उद्या सांगतो सगळ्यांना."

"उद्या कशाला? सगळे आतच आहेत."

चाचा उठले नाहीत. मालकच चुकतो म्हटल्यावर धाक कसा राहील, असं काहीसं पुटपुटले. मला तेव्हा वाटलं, आपला एक पाय आत्ता मोडावा. निदान उठावं तरी लागलं असतं त्यांना. पण सुताराने काम पक्कं केलं होतं.

उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. आत कारागीर मास्तरांनी बेतलेलं कापड गुपचूप पुन्हा मोजू लागले. एके दिवशी दोघे माझ्यावर बसून बोलत होते.

"मास्तरांना आता दिसत नाही बहुतेक."

"नाहीतर चाचा उगाच कशाला ओरडतील? ते कुणाला चारचौघांत बोलतात का कधी?"

मास्तर दारातच उभे होते. दोघे गडबडून उठले. मास्तर बसले नाहीत, त्यांनी उभ्यानेच पाय धुतले.

तिसऱ्या आठवड्यात, मुलीने राहायला बोलावलंय असं सांगून ते आपली कात्री घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

त्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर चाचांनी मशिनं बंद करायला लावली आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली. कुणीतरी विचारलं, "चाचा, हे मास्तरांना सांगितलंत का?"

"त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," चाचा म्हणाले. "ठाऊक नव्हतं ते तुम्हाला."

हल्ली चाचा इथे एकटेच बसतात. शेजारची जागा रिकामी असते, आणि माझा तोरा कधीच उतरलाय. एका माणसाची अब्रू आत रोज थोडी थोडी जात होती आणि मी बाहेर गुपित सांभाळत बसलो होतो, याची मला फार खंत वाटते.

तुमच्याही हाताखाली माणसं असतील. त्यांची चूक सांगायची असेल तर त्यांना खुशाल माझ्याकडे घेऊन या. तुमची कबूल करायची असेल तर मात्र माझ्यावर टेकू नका. तसेच आत जा.