लागला की सांग

मी एक जुनी मोटार आहे. अंधारात माणसाला वाट दाखवणे हे माझे जीवितकार्य आहे. सध्या माझे दोन्ही दिवे लागत नाहीत, त्यामुळे ते कार्य बंद आहे.

मित्रांनो, माझ्या जन्माचे कौतुक मी फार सांगत बसणार नाही. कारखान्यात मला रंग दिला, काचा बसवल्या, दारे आपटून पाहिली. आपटणे तेव्हापासून चालूच आहे. मला विकत घेणारे गृहस्थ मात्र भले होते. सुट्टीच्या दिवशी ते मला स्वतः पुसत आणि गल्लीतल्या लोकांना थांबवून माझे इंजिन ऐकवत. लोक ऐकत, कारण सुटका नसे.

ते गेले आणि मी त्यांच्या दोन मुलांच्या वाट्याला आले. घराची वाटणी झाली. वरचा मजला थोरल्याला, खालचा धाकट्याला. भांडीसुद्धा वाटली गेली. मला मधोमध कापता येईना, म्हणून सकाळी थोरल्याने वापरायचे आणि दुपारनंतर धाकट्याने, असे ठरले. दोघांची मोटार म्हणजे कोणाचीच नव्हे. मला धुणे हे दुसऱ्याचे काम आहे, यावर दोघे ठाम होते. पुढे धाकट्याने न विचारता माझा हॉर्न बदलला आणि त्या दिवसापासून भावांनी एकमेकांशी बोलणे टाकले. हॉर्न चांगला आहे.

अगदीच अडले तर आईमार्फत निरोप जात. आई निरोपात काटछाट करत नसे.

अशात एक दिवस त्यांच्या मावशीला दवाखान्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. आईची ही धाकटी बहीण घाबरली होती, आणि आईला अंधार पडायच्या आत तिच्या उशाशी जाऊन बसायचे होते. वाटेत घाट, आणि मला परत आणताना रात्र होणार. म्हणून कधी नव्हे ते माझे दिवे तपासले गेले. लागेनात. बल्ब बदलले, फ्यूज बदलला. फ्यूज कोणी आणायचा हे ठरेपर्यंत आईला जिन्याच्या बऱ्याच खेपा झाल्या.

मेकॅनिक सासुरवाडीला गेला होता. तो आईला फोनवर म्हणाला, “काकू, जुनी गाडी आहे, अर्थिंगची वायर गंजली असणार. एकाने आत बसून बटण चालू ठेवायचं, दुसऱ्याने पुढून वायरी हलवायच्या. लागला की सांगायचं. दोन माणसांचं काम आहे, चुटकीसरशी होतं.”

घरात दोन माणसे आहेत असा त्याचा समज होता.

थोरला बॉनेट उघडून माझ्यासमोर उभा राहिला. धाकटा आत बसला. मधे, माझ्या मडगार्डपाशी, आई.

“त्याला म्हणावं, बटण दाब.”

“बटण दाब म्हणतोय.”

“दाबलंय म्हणावं. आंधळा आहे का विचार.”

“दाबलंय म्हणतोय. आंधळा आहेस का विचारतोय.”

“डोळे शाबूत आहेत म्हणावं. अक्कल कुणाची गहाण आहे ते गल्लीला माहीत आहे.”

तिघांमध्ये हातभराचे अंतर होते. प्रत्येक शब्द प्रत्येकाला ऐकू जात होता, तरी आईने पोचवल्याशिवाय तो कोणी कानावर घेत नव्हते. मधेच वायर हलली की माझा दिवा लुकलुके. निरोप आत जाईपर्यंत विझलेला असे. मग लागला होता की नव्हता, यावर नवे निरोप.

शेवटी थोरला म्हणाला, “बाबांनी गाडी त्याच्या हातात कधी दिली नव्हती, आठवण कर म्हणावं.”

हा निरोप आईने पोचवला नाही. “तुमचं चालू द्या,” ती म्हणाली. “ती तिकडे दाराकडे डोळे लावून बसली असेल.” आणि आत गेली. दोघांना वाटले, चहा ठेवायला गेली.

पुढे जे झाले ते ऐका. थोरल्याला वायर सापडली. त्याने गंज खरवडला, स्क्रू आवळला, आणि भर दुपारच्या उन्हात माझे दोन्ही दिवे लख्ख लागले. आता त्याला एकच शब्द बोलायचा होता. त्याने घराकडे पाहिले. आई येईना. शब्द ओठांपर्यंत आला आणि त्याने तो गिळला. बॉनेट आपटले, हात पुसले आणि तो वर निघून गेला.

आत धाकटा बटण चालू ठेवून बसला होता. उन्हात त्याला उजेड दिसत नव्हता, आणि बंद कर असे कोणी सांगितले नव्हते. विचारायला तो खाली उतरणे शक्य नव्हते. त्याला डुलकी लागली. ऊन कलल्यावर जाग आली, त्याने किल्ली फिरवली, आणि माझ्यातून फक्त ‘टक्’ असा आवाज आला. बॅटरी संपली होती.

म्हणून मित्रांनो, जुन्या मोटारीची काळजी घ्या. तिच्या वायरींवर गंज चढू देऊ नका. आणि दिवा लागला तर लागला म्हणा. न म्हटल्याने तो विझत नाही.

इतक्यात आईचा फोन आला. ती मागच्या दाराने बाहेर पडून, दुपारच्या बसने उजेडातच पोचली होती.