निळी पट्टी नसलेली बादली

उन्हाळा लागला की मला जिवंत माणसांपेक्षा मेलेले पक्षी बरे वाटायला लागतात. पक्षी संडास कुठे आहे विचारत नाहीत, मॅमथच्या सुळ्याला लोंबकळत नाहीत आणि जिन्यात चिकट हात पुसत नाहीत. आमच्या गावच्या निसर्ग संग्रहालयात जूनपासून सप्टेंबरात शाळा उघडेपर्यंत रोज काही ना काही चालू असतं. सोमवारी किडे, मंगळवारी घुबड, बुधवारी वाळूत पुरलेली प्लास्टरची हाडं उकरायची, आणि शनिवारी घुबड पुन्हा, शिवाय हिरवळीवर फुकट आईस्क्रीम. ही सगळी जत्रा मार्लिस हाउगेन एकटी ओढते. आमचा संचालक ब्रेंट लिंडग्रेन उंटावरून शेळ्या हाकतो. मी, लेरॉय प्रिबिल, तळघरात बसून मेलेल्या पक्ष्यांची कातडी सोलतो, आत कापूस भरतो आणि खणात ठेवून देतो. मला कुणी काम काय करतोस म्हणून विचारलं, तर मी विषय बदलतो.

आमच्याकडे आईस्क्रीम बादलीतून येतं. झाकण आणि कडी असलेली पांढरी प्लास्टिकची बादली. आईस्क्रीम संपतं, पण बादली टाकून देण्याची या गावात कुणाची छाती नाही. तिच्यात खिळे राहतात, लोणच्याच्या काकड्या राहतात, मासे पकडायला नेलेली गांडुळं राहतात. आणि खिडकीच्या काचेवर आपटून एखादा पक्षी मेला, तर लोक त्याला बादलीत घालून माझ्याकडे आणतात. मी झाकणावर निळी पट्टी चिकटवतो, तिच्यावर पक्ष्याचं नाव लिहितो आणि बादली माझ्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवतो. आमच्या इमारतीत नियम साधा आहे. निळी पट्टी असेल तर मेलेलं, नसेल तर खायचं.

क्विस्टही असाच बादलीत आला होता, पण जिवंत. वीतभर उंचीचं, करड्या पिसांचं घुबड, एक डोळा गेलेला, एक पंख मोडलेला. टोलेफसनबाईंना तो गावाबाहेरच्या रस्त्यावर सापडला होता. या बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना तिसरीत पाढे शिकवले. मला शिकवले, मार्लिसला शिकवले, आणि आमच्या बऱ्याच नंतर ब्रेंटलाही. घुबडाचं नाव त्यांनीच ठेवलं. आमच्या शाळेचे हेडमास्तर क्विस्ट एका डोळ्यानेच सगळी शाळा बघायचे, तसाच हाही बघतो, म्हणाल्या.

त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मार्लिस चामड्याच्या हातमोज्यावर क्विस्टला घेऊन मुलांपुढे उभी राहायची, आणि बाई दर मंगळवारी घरून घडीची खुर्ची आणून पहिल्या रांगेत बसायच्या. "डोळ्यांनी बघायचं, हातांनी नाही," हे मार्लिसचं पहिलं वाक्य. एखाद्या पोराने हात पुढे केलाच, तर मार्लिसच्या आधी बाईंची मान वळायची आणि हात आपोआप मागे जायचा. त्यांनी स्वतः कधीच हात लावला नाही. नियम म्हणजे नियम, त्यात बाईंना सूट कशी असेल?

एप्रिलमध्ये एका सकाळी क्विस्ट पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला सापडला. म्हातारा झाला होता, दुसरं काही नाही. पण ब्रेंटने त्याच आठवड्यात उन्हाळ्याची पोस्टरं छापून आणली होती. पोस्टरवर क्विस्ट, टी-शर्टावर क्विस्ट, हंगामी पासावर क्विस्ट. ब्रेंटच्या मते झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळा उघडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारलंच तर विश्रांती घेतोय म्हणायचं. मार्लिस हो म्हणाली. तिला तेव्हा त्याचं नाव घेतलं तरी रडू येत होतं, त्यामुळे न बोलण्याचा हुकूम तिला सोयीचाच वाटला असणार.

मग उन्हाळा सुरू झाला आणि ती त्या एका वाक्यात अडकली. हातमोज्यावर चिंध्यांचं खेळण्यातलं घुबड घेऊन उभी राहायची. मुलं विचारायची, खरं कुठंय? विश्रांती घेतोय. कार्यक्रम संपला की बाई खुर्चीची घडी घालता घालता विचारायच्या, आज कसा आहे? विश्रांती घेतोय, बाई. त्याला म्हणावं मी विचारलं, असं सांगून बाई जायच्या, आणि मार्लिस तळघरात येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर नुसती बसून राहायची. तिच्या पायांना सूज असायची. मी कॉफी पुढे सरकवायचो, ती गार होईपर्यंत ती प्यायची नाही. संग्रहालयाची नोकरी म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण त्या उन्हाळ्यात ती माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली.

मीही तिला सुखाने बसू देत नव्हतो. मला क्विस्ट हवा होता. फ्रीजरमध्ये पक्षी फार दिवस राहिला की पाय वाळतात, पापण्या सुकतात, कातडं सोलताना फाटतं. मला देऊन टाक, असं मी एप्रिलपासून तिच्या मागे लागलो होतो. उन्हाळा संपू दे, म्हणायची. ठेवलाय कुठे, विचारलं तर म्हणायची ठेवलाय. मी फार खोदून विचारलं नाही. माझ्या फ्रीजरमध्ये पट्ट्या लावलेल्या बादल्यांची रांग आहे, त्यातल्याच एकीत असेल, म्हटलं.

जुलैतल्या एका शनिवारी उकाड्याने आमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज बंद पडला. आईस्क्रीम माझ्या फ्रीजरमध्ये ठेवायचं ब्रेंटने फर्मान काढलं. हे बरोबर नाही, मी म्हटलं. तुझी निळी पट्टी आहे ना, तो म्हणाला. आहे, म्हटलं. वाद घालायला अंगात त्राण लागतं, ते माझ्याकडे मे महिन्यातच संपलं होतं.

दुपारी हिरवळीवर ही रांग. टोलेफसनबाई दरवर्षीप्रमाणे ॲप्रन बांधून डाव घेऊन उभ्या. ब्रेंटने वॉकीटॉकीवरून कळवलं की आईस्क्रीम संपत आलंय, उरलेलं सगळं वर आण. मी फ्रीजर उघडला, पट्टी नसलेल्या बादल्या एकावर एक ढकलगाडीवर रचल्या आणि वर नेल्या. उचलून आणल्या असत्या तर एक हलकी लागली असती. गाडीला काय कळतं?

बाईंनी वरची बादली पुढे ओढली आणि झाकण काढलं. मी शेजारीच घाम पुसत उभा होतो, म्हणून मला दिसलं. आत मार्लिसच्या घरचा चौकटीचा टॉवेल, आणि त्याच्यावर क्विस्ट कुशीवर निजलेला. गेलेला डोळा वरच्या बाजूला. तिने पट्टी लावली नव्हती, कारण पट्टीवर नाव लिहावं लागलं असतं.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डाव खाली ठेवला, दोन बोटं बादलीत घातली आणि कानांसारख्या उभ्या असतात त्या दोन तुऱ्यांच्या मधोमध टेकवली. मग झाकण लावलं, कडेने सगळीकडून दाबून बसवलं, बादली टेबलाखाली स्वतःच्या पायांजवळ सावलीत ठेवली.

"लेरॉय, दुसरी दे," त्या म्हणाल्या. आणि समोरच्या पोरीला विचारलं, "एक गोळा की दोन?"

रांग संपेपर्यंत त्या वाढत राहिल्या. एकालाही कमी नाही, एकालाही घाईत नाही. मी मात्र खांबासारखा उभा होतो. मध्येच मार्लिस हातावर चिंध्यांचं घुबड घेऊन आली. तिला टेबलाखालची बादली दिसली, मग बाईंचा चेहरा दिसला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती कागदी रुमाल घेऊन मुलांची तोंडं पुसायला लागली.

सगळे हिरवळीवरून आत गेल्यावर बाईंनी डाव धुतला, ॲप्रनची घडी घातली आणि बादली उचलून तळघरात आल्या. मागून मार्लिस, मागून मी, आणि काय झालं, काय झालं करत ब्रेंट. बाई माझ्या स्टुलावर बसल्या. बादली मांडीवर.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"एप्रिलमध्ये," मार्लिस म्हणाली.

"मी दर मंगळवारी विचारत होते."

"हो, बाई."

"बाई, ते मी सांगितलं होतं," ब्रेंट मध्ये पडला. "पोस्टरं छापून झाली होती, आणि—"

"तुला विचारलं का, ब्रेंट?"

"नाही, बाई."

एवढा मोठा संचालक, पण छडी खाल्लेल्या पोरासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. एरवी मला हसू आलं असतं.

मार्लिसने चिंध्यांचं घुबड माझ्या टेबलावर ठेवलं. "आधी मला बोलताच यायचं नाही," ती म्हणाली. "मग पहिल्यांदा तुम्ही विचारलंत आणि तोंडातून तेच निघून गेलं. एकदा गेलं की पुढच्या मंगळवारी वेगळं काय सांगणार? मला रोज वाटायचं, आज सांगावं. मी दमले, बाई. खोटं घुबड धरून धरून दमले."

बाईंनी मांडीवरच्या बादलीची कडी सरळ केली. त्या रागावतील, रडतील, काहीतरी करतील म्हणून आम्ही तिघं वाट बघत होतो.

"अकरा वर्षं मी हात लावला नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "नियम होता, बरोबर होता. आज लावला, तर नुसता बर्फ."

मार्लिस डोळे पुसत राहिली. मला एकदम स्वतःची लाज वाटली. एप्रिलपासून मी त्याच्या पायांची आणि पापण्यांची काळजी करत होतो, या दोघींची केली नव्हती.

वर घुबडाच्या कार्यक्रमाची घंटा झाली. मार्लिस उठली. सवयीने तिचा हात चिंध्यांच्या घुबडाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते तसंच टेबलावर टाकून ती रिकामा हातमोजा घालून वर गेली. ब्रेंट तिच्या मागे निघाला तेव्हा बाई फक्त त्याच्याकडे बघत होत्या. मी जिन्यात उभं राहून ऐकलं. एका मुलाने विचारलं, घुबड कुठंय? मेलं, मार्लिस म्हणाली. एप्रिलमध्येच मेलं, म्हातारं झालं होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. मग दुसऱ्याने विचारलं, मेल्यावर त्याची मान तशीच वळते का? मुलांचं हे असं असतं. पाळीव प्राणी गेला की पोरांपेक्षा आईबाप जास्त लपवाछपवी करतात. ब्रेंट मागे दाराशी उभा होता, म्हणे.

मार्लिस परत आली तेव्हा बाईंनी बादली माझ्याकडे दिली होती. आता ते तुझं, म्हणाल्या. एप्रिलपासून मी याच वाक्याची वाट बघत होतो, पण ती बादली हातात घेतल्यावर मला मुळीच आनंद झाला नाही.

"आज मला काही करता येणार नाही," मी म्हटलं. "आधी तो वितळायला हवा. उद्यापर्यंत मऊ होईल." आणि मग तोंडातून निघून गेलं, "उद्या चर्च झाल्यावर या, बाई. मी सुरी लावायच्या आधी."

रविवारी संग्रहालय बंद असतं. बाई चर्चच्या निळ्या झग्यात आल्या, सोबत मार्लिस. क्विस्ट माझ्या टेबलावर टॉवेलात होता. पंख सैल झाले होते, मान बोटाच्या धक्क्याने वळत होती, पिसं पुन्हा फुलली होती. मी तो बाईंच्या मांडीवर दिला. त्यांनी दोन्ही हात त्याच्याभोवती धरले. बोटांनी आधी डोकं, मग पाठ, मग मोडका पंख हलकेच उलगडला आणि परत मिटला, जसा असायला हवा तसा. अगदीच हलका आहे गं, म्हणाल्या. एवढ्याशा जिवाला बघायला आपण इतकी वर्षं येत होतो, याचं त्यांना नवल वाटत होतं बहुतेक.

मार्लिस बाजूला उभी होती. तिने सवयीने हातमोजा आणला होता.

"तू घे आता," बाई म्हणाल्या.

मार्लिसने हातमोजा चढवायला घेतला.

"तो काढ," बाई म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिनेही त्याला कधी उघड्या हातात घेतलं नव्हतं. जिवंत होता तेव्हा मध्ये चामडं, मेला तेव्हा मध्ये टॉवेल. मार्लिसने हातमोजा टेबलावर ठेवला, ओंजळ पुढे केली, आणि बाईंनी क्विस्टला तिच्या ओंजळीत ठेवलं. ती बसली. तिने त्याला छातीशी धरलं आणि मोठ्याने रडली. बाईंनी तिला रडू दिलं.

वितळलेला पक्षी फार वेळ ठेवता येत नाही. पिसं सुटायला लागतात, मग कातडं कामाचं राहत नाही. हे मी मार्लिसला एप्रिलपासून पढवत आलो होतो, म्हणून तिनेच डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"लेरॉय, उशीर होतोय ना?"

मी सुरी पुन्हा धुवायला घेतली. ती स्वच्छच होती.

"नाही," मी म्हटलं. "बस तू."