लल्ला तामूच्या फळीवरच्या रोट्या

वरून परिपत्रक आलं की आमचे मुख्याध्यापक सी बूशैब यांना बारीक ताप भरतो. या वेळी आलं ते 'दया, दान आणि शेजारधर्म पंधरवड्या'चं. प्रत्येक मुलाने रोज एक चांगलं काम करायचं, भिंतीवर तक्ता लावायचा, केलेल्या कामाला एक तारा, दहा ताऱ्यांना प्रशस्तिपत्र. पुरावा म्हणून फोटो.

"बाई," सी बूशैब मला म्हणाले, "तुमच्या चौथीच्या वर्गाने निदान साठ तारे तरी काढलेच पाहिजेत. नदीपलीकडच्या शाळेने गेल्या वर्षी नव्वद काढले होते. एका म्हाताऱ्याला त्यांनी तीनदा रस्ता ओलांडून दिला, त्याला मुळात जायचंच नव्हतं तरी."

मी मान डोलावली, पण माझं मन दुसरीकडे होतं. दर गुरुवारी संध्याकाळी मी झावियात, म्हणजे आमच्या सूफी मठात, मदीह ही स्तुतिगीतं ऐकायला जाते. बायका वरच्या सज्जात बसतात, खाली सी म्फद्दल गातात. ते गातात, थांबतात, गोष्ट सांगतात, पुन्हा गातात. परवाच्या गुरुवारी त्यांनी दानाची महती लावली होती. उजव्या हाताने दिलेलं डाव्यालासुद्धा कळू नये, ही ओळ त्यांनी अशी काही आळवली, की माझ्या शेजारची शिंपीण शालीने डोळे पुसता पुसता माझीच शाल भिजवून बसली. एवढं ऐकून आल्यावर मी भिंतीवर तारे चिकटवू? माझ्याच्याने व्हायचं नाही.

सोमवारी वर्गात मी सांगून टाकलं, "आपल्याकडे तक्ता नाही. आपण गुपचूप करायचं. आपल्या आळीत जो कोणी एकटा जेवतो, त्याच्यासाठी काहीतरी करायचं आणि कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं, की पुण्य गेलं."

इल्यास हा वर्गातला वकील. त्याने लगेच हात वर केला. "आईला सांगितलं तर?"

"तरी गेलं."

"एकमेकांना?"

"तरी गेलं."

"बाई, झोपेत बोललो तर?"

"झोपेतलं माफ."

मुलांना गुपित म्हणजे काय, सणच. वर्ग संपला तेव्हा एकतीसच्या एकतीस तोंडं दाबून बंद केलेली होती, आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

आता आमच्या आळीत एकटं जेवणारं कोण? लल्ला तामू. मोठ्या बायकांना आम्ही मानाने लल्ला म्हणतो. नवरा जाऊन सोळा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दूर तांजाला. सकाळी ती मूठभर पिठाची एकच रोटी थापते, फळीवर ठेवते, फळी हातांवर तोलत भट्टीवर आणते आणि दुपारी भाजलेली रोटी घेऊन जाते. बाकी घरांच्या फळ्या मुलंच वाहतात. शाळेत येताना कच्च्या रोट्यांची फळी डोक्यावर घ्यायची, भट्टीवर रांगेत ठेवायची, शाळा सुटली की भाजलेल्या रोट्या घरी न्यायच्या. हे आमच्याकडे चालत आलेलं आहे.

भट्टी बा अल्लालची. म्हणजे मालकी आळीची, पण चाळीस वर्षं किल्ली त्याच्या गळ्यात. भट्टीच्या तोंडाशी खड्ड्यात उभं राहून तो लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने रोट्या आत सारतो. प्रत्येक घराची खूण वेगळी असते. हाज्जा मन्नाना काट्याने फुली मारते, शिंपीण बांगडीचा ठसा उठवते, मी अंगठ्याने मधोमध एक खड्डा करते, माझी आई करायची तसा. दिवसाला तीनशे रोट्या आत जातात, तीनशे बाहेर येतात आणि प्रत्येक आपापल्या फळीवर जाऊन बसते. चाळीस वर्षांत एक रोटी इकडची तिकडे झाली नाही, हीच बा अल्लालची दौलत. त्याला दुसरी नाही.

मंगळवारी दुपारी भट्टीवरून आवाज आला तो हाज्जा मन्नानाचा. हाज्जा आमच्या आळीची पुढारीण. तिचा आवाज नदीच्या पुलापर्यंत जातो, आणि पूल मजबूत आहे म्हणून परत येतो.

"बा अल्लाल! सहा पाठवल्या, पाच आल्या. सहावी काय पंख फुटून गेली?"

बा अल्लालने खड्ड्यातून वर पाहिलं. मग का कोण जाणे, गालातल्या गालात हसला. "अल्लाह देणारा आहे, हाज्जा. तुला बरकत येवो."

"बरकत नको, रोटी दे!"

"बरकत येवो," तो पुन्हा म्हणाला आणि उलथनं आत घातलं.

बुधवारी चार घरांच्या रोट्या कमी आल्या. गुरुवारी नऊ घरांच्या, आणि त्यात माझीही एक. माझी भाची किन्झा माझ्याकडेच राहते, माझ्याच वर्गात शिकते. घरी आत्या आणि शाळेत बाई म्हणताना तिचा अर्धा दिवस गोंधळात जातो. मी तिला विचारलं, "चौथी रोटी कुठे गं?" ती म्हणाली, "मला काय विचारतेस, बाई?" घरात बाई म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी शाल ओढली आणि तरातरा भट्टीवर गेले.

"बा अल्लाल, तुमचं वय झालं म्हणून आम्ही काही बोलत नाही..." इथपासून मी जे सुरू केलं ते आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. 'डोळे तपासून घ्या' असंही म्हणाले. म्हातारा माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला. "शिकलेली बाई," तो म्हणाला, "तुझं तर फारच छान जमतंय." मला वाटलं, याचं डोकं खरंच गेलं.

शुक्रवारी घरोघरी गव्हाच्या रव्याचं कुसकुस, रोटीचं काम कमी, म्हणून भांडणालाही सुट्टी. पण त्याच दुपारी हाज्जाच्या अंगणात बायकांची बैठक भरली आणि ठरलं: बा अल्लालला विसर पडायला लागलाय. आज रोट्या हरवतोय, उद्या भट्टी पेटती ठेवून जाईल. शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर किल्ली काढून घ्यायची आणि मोठ्या रस्त्यावरच्या गॅसभट्टीवाल्याला द्यायची. मी गप्प बसले होते. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच.

शनिवारी सकाळी वर्गात इल्यासने हात वर केला. "बाई, एखादं चांगलं काम केलं आणि त्याने तिसऱ्याच माणसाचं वाईट झालं, तर सांगायचं का?"

"चांगल्या कामाने कोणाचं वाईट होत नाही," मी सी म्फद्दल यांच्या सुरात सांगितलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकतीस तोंडं पुन्हा मिटली.

दुपारी भट्टीसमोर सगळी आळी जमली. मुलं फळ्या न्यायला आली होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली. हाज्जाने तळहात पुढे केला.

"दे बाबा किल्ली. वाईट वाटून घेऊ नकोस. खूप केलंस."

बा अल्लाल खड्ड्यातून वर आला. आता तो हसत नव्हता. त्याने हाज्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, प्रत्येकीकडे पाहिलं, जणू कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होता.  मग त्याने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढायला घेतली. ती कानात अडकली. पीठ माखलेल्या बोटांनी तो ती सोडवत होता आणि आम्ही सगळ्या जमिनीकडे बघत होतो.

"थांब रे अल्लाल!"

लल्ला तामू. पाठीला बाक आलेली, पण आज ताठ चालत होती. मागून शिंप्याचा पोरगा हातगाडी ढकलत होता आणि गाडीवर कापड झाकलेली मोठी टोपली. लल्ला तामूने डोळ्यांत सुरमा घातला होता.

"बरं झालं, सगळे आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांसमोरच सांगते. मंगळवारपासून हा माणूस माझ्या फळीवर जास्तीच्या रोट्या ठेवतोय. आधी दोन. मी म्हटलं, चूक असेल. मग पाच. मग अकरा! अरे, मी एकटी बाई, चार दात राहिलेत माझे. हे काय वय आहे का? आणि मनात असलंच, तर रीत असते. मागणी घालायला बहीण पाठवायची, शकुनाचा साखरेचा सुळका पाठवायचा. अशा मुक्याने रोट्या काय ढकलतोस?"

बा अल्लालचं तोंड भट्टीसारखं उघडं राहिलं.

हाज्जाने कापड उचललं आणि वरचीच रोटी हातात घेतली. काट्याची फुली. "ही माझी!" शिंपीण पुढे झाली, "ही बांगडी माझी!" क्षणात टोपलीवर झुंबड उडाली. तळाशी मला माझ्या आईचा खड्डा दिसला.

"म्हणजे विसरला नव्हता!" हाज्जा गरजली. "चोरत होता! आमच्या पिठावर याचं लग्न!"

"माझं काय लग्न..." बा अल्लाल म्हणाला. ओठ असे घट्ट मिटले त्याने, की मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. मी भिंतीकडे पाहिलं. तेच ओठ. एकतीस.

हाज्जाला बाजूला सारून मी भिंतीपाशी गेले.

"मुलांनो," मी म्हटलं, "काही सांगायचंय का?"

 इल्यास रडकुंडीला आला होता. "बाई, तुम्हीच म्हणालात..."

"मी काय म्हणाले ते सोड."

"असं कसं सोडू? पुण्य आहे ते!"

तेवढ्यात किन्झा पुढे आली. नाक लाल, आवाज बारीक. "मला नको ते पुण्य. आत्या, आपली रोटी मी ठेवली. आपल्या फळीवरची उचलून लल्ला तामूच्या फळीवर. बा अल्लालने नाही."

मग बांध फुटला. "तीन माझ्या!" "एक माझी, पण मोठी होती!" "माझंही पुण्य घ्या!" जणू बाजारात पुण्य विकायला काढलं होतं. शेवटी हाज्जाचाच नातू अन्वर आजीच्या पायाशी येऊन म्हणाला, "आज्जी, तुझ्या चारही मीच."

हाज्जा मन्नानाने हातातली रोटी हळूच टोपलीत परत ठेवली.

मी बा अल्लालकडे वळले. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला?" म्हातारा दुखावला. "अगं, अंधारात हात फिरवून सांगीन कोणाची रोटी ती. तिच्या फळीवर हाज्जाची फुली दिसल्यावर मला कळणार नाही? मला वाटलं, तुम्ही बायकाच गुपचूप देताय. म्हटलं, झाकून दिलंय, मी उघडं करणारा कोण?"

"आणि मी रोज येऊन तुला बोलत होते ते?" हाज्जाने विचारलं.

"ते मला वाटलं, नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून. म्हटलं, काय सोंग वठवते बाई! ही शिकलेली तर 'डोळे तपासा' म्हणाली, मी मनात वाहवा केली."

"आणि किल्ली? ती काय सोंग म्हणून देत होतास?"

बा अल्लालने दोरी कानातून सोडवली, पण हातातच धरून ठेवली. "तिथे जरा घाबरलो," तो हळूच म्हणाला. "पण एवढ्या जणींचं पुण्य एका किल्लीपायी कसं घालवू?"

हाज्जाने त्याच्या हातातून दोरी ओढून घेतली आणि स्वतःच त्याच्या गळ्यात घातली, इतक्या जोरात की म्हातारा वाकला. "गाढवा," ती म्हणाली, आणि नाक शिंकरायला पाठ फिरवली.

लल्ला तामू मात्र तशीच उभी होती. "म्हणजे अल्लाल, यातली एकही तू ठेवली नाहीस?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, लल्ला."

"चाळीस वर्षं तुझ्याकडे रोटी भाजतेय. एकही नाही! कंजूस!"

आळी हसली. पण मग लल्ला तामूने मुलांकडे पाहिलं आणि हसू विरलं. "आणि तुम्ही रे? मी भीक मागितली होती?"

चूक माझी होती, ती मी सांगितली. गुपितापासून झोपेतल्या माफीपर्यंत सगळी. इल्यास मध्येच म्हणाला, "तुम्ही एकट्या जेवता ना, म्हणून."

"एकटी जेवते म्हणून रोटी?" लल्ला तामूने टोपलीतली एक वाळकी रोटी उचलून त्याच्या डोक्यावर टकटक वाजवली. "हिला बोलता येतं का? इतके दिवस ठेवून पळालात. एकाला तरी वाटलं, आत यावं, बसावं? आता यांचे दगड झालेत. हे मी चार दातांनी फोडू? चला सगळे. मसूर शिजवते, मेथी घालते, तुम्ही कुस्करायचं. जो कुस्करणार नाही त्याला वाढणार नाही."

"आमच्या घरी जेवण..." कोणीतरी सुरुवात केली.

"घरी काय आहे? रोट्या तर इथे आहेत!"

मुलं गाडीच्या मागे निघाली. बायका आपापली खूण शोधायचं सोडून कांदे आणायला घरी पळाल्या. बा अल्लाल भट्टीच्या दारात उभा होता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हा माणूस आळीभरच्या रोट्या भाजतो आणि खड्ड्यात उभ्या उभ्या एकटा खातो. मी मुलांना म्हटलं होतं, एकटा जेवणारा शोधा, आणि मलाच दिसला नव्हता.

लल्ला तामूला दिसला. "तू काय बघतोस? कुस्करायला हात लागतील."

"मी येऊ?" त्याने अंगावरचं पीठ झटकलं. "लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर बोलावतेय," ती म्हणाली. "सुरमा घातलाय मी. तो काय मसुराला दाखवू?"

किन्झाने माझा हात धरला. "आत्या, आमचं पुण्य खरंच गेलं का?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. आणि खरंच माहीत नव्हतं. तिने क्षणभर विचार केला, मग माझा हात सोडून धावत गेली, कारण पुढे इल्यास आणि अन्वर सगळ्यात मोठा दगड कोण फोडणार यावरून भांडत होते.