फडक्याच्या भरवशावर उभी रांग

जो आधी आला, त्याचं काम आधी. का, ते विचारायचं नाही. जन्मल्या जन्मल्या माझ्या कानात हे सांगितलं ते आप्पांनी. मला लिहिलं तेही इथल्या या जुन्या इंजिनिअरांनीच.

मी एक रांग बोलतेय. दुकानासमोरची नव्हे. एका मोठ्या दवाखान्याच्या संगणकात, ड्रायव्हर नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅमच्या पोटात मी राहते. पेशंटांचे एक्स-रे, स्कॅन, सगळी चित्रं तळघरातल्या डिस्कच्या कपाटात असतात आणि तिथवर एक केबल जाते. कुणाला जुनं चित्र बघायचं असो की नवं साठवायचं असो, माझ्यात उभं राहिल्याशिवाय त्या केबलवर पाऊल ठेवता येत नाही.

वाचणारा हात हलवत येतो. 'तेवढं एक चित्र दाखवा', एवढंच त्याचं म्हणणं. लिहिणारा, म्हणजे नवं चित्र साठवणारा, मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतो. त्याचं सामान खाली पोचायचं, कपाटानं 'मिळालं' असा निरोप धाडायचा, तेव्हा कुठे तो हलतो. तोवर मागचा वाचणारा ताटकळतो. मी दोघांना एकाच माळेत ओवत आले आणि वर शिस्तीची म्हणून मिरवत आले.

दवाखाना लहान होता तोवर हे खपून गेलं. मग स्कॅनचं नवं यंत्र आलं. एकेका पेशंटची चित्रंच चित्रं. डॉक्टरांच्या पडद्यावर नुसतं चक्र गरगरू लागलं. मला वाटलं, आता तरी कुणी माझ्याकडे बघेल. पण मोठ्यांनी केलं काय, तर स्कॅनच्या खोलीच्या दाराला लाल फडकं लावायची पद्धत पाडली. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर चित्र बघणार असले की सफाईच्या मावशी फडकं अडकवून जायच्या. फडकं दिसलं की आतला तंत्रज्ञ नवी चित्रं पाठवायचा थांबायचा. नव्या माणसांना ही रीत मोठ्या कौतुकानं शिकवत. दुखणं माझ्या पोटात आणि पट्टी दाराला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी मावशींनी फडकं धुऊन वाळत घातलं. तेवढ्यात ऑपरेशनच्या टेबलावर एका बाईला भूल दिली गेली, आणि डॉक्टरांनी तिच्या पोटाचा जुना स्कॅन मागितला.

"उघडलं का?"

"फिरतंय अजून."

"फिरू दे. आपणही एक चक्कर मारून येऊ," डॉक्टर म्हणाले, पण कुणी हसलं नाही.

ती चिमुकली मागणी माझ्यात उभी होती. पुढे कुणाच्या तरी गुडघ्याची चित्रं, ढिगानं. मला सगळं दिसत होतं, पण जरा सरका म्हणायची मला मुभा नव्हती. शेवटी डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि बाईला तसंच शुद्धीवर आणलं.

बाहेर तिची बहीण उभी होती. "झालं का ऑपरेशन?"

"उद्या करू."

"मग आज भूल कशाला दिलीत?"

याचं उत्तर माझ्यापाशी होतं.

मग संगणकाच्या खोलीत सगळे जमले. संगणक विभागाचे साहेब, आप्पा, दाराशी मावशी, आणि आप्पांची भाची. ती इथे नवी इंजिनिअर. तिचं नाव कधीच मागे पडलंय, सगळे तिला ठिणगी म्हणतात.

"फडकं नव्हतं म्हणून हे झालं," साहेब म्हणाले. "मावशी, उद्यापासून तुम्ही येऊ नका. ठिणगी, वरचे लोक तुला विचारतील. एवढंच सांगायचं."

"मळलं होतं हो साहेब," मावशी पुटपुटल्या. "ऑपरेशनच्या वाटेवर तसलं कसं ठेवायचं?"

ठिणगी आप्पांकडे वळली. "मामा, रांग एकच का?"

"लिहून व्हायच्या आत वाचलं तर शिळं चित्र हाती येईल. तुझ्या जन्माआधीचं शहाणपण आहे हे."

"मग जे लिहिलं जातंय तेच कुणी मागितलं, तर त्याला थांबवा की. गुडघ्यापायी पोटानं का थांबायचं? वाचणाऱ्यांची रांग वेगळी, लिहिणाऱ्यांची वेगळी. हे मी तुम्हाला करून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, चालतंय ते चालू दे."

"चालत होतंच."

"फडकं चालवत होतं, मामा."

"अक्कल नंतर पाजळ," साहेब म्हणाले. "वर काय सांगायचं ते ठरलंय."

मला तोंड असतं तर ओरडले असते. करा माझे दोन तुकडे. मला दुखणार नाही. दुखतं ते हे असं अखंड राहणं, आणि माझ्या जागी मावशींनी मान खाली घालून उभं राहणं.

"मी नाही सांगणार," ठिणगी म्हणाली. "चूक या रांगेची आहे. ती मामांनी लिहिली, तुम्ही ठेवली आणि मला दिसत असून मी एकदाच बोलून गप्प बसले. विचारतील तेव्हा ही तिन्ही नावं घेईन. मावशींचं घेणार नाही."

आप्पांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फरशीकडे. ठिणगीनं खुर्ची ओढली आणि पडद्यावर मला उघडलं.