नानचांगमधला पाहुणचार

दुबईत कन्स्ट्रक्शन कंपनीत चौदा वर्षं काढल्यावर एक काम झोपेतही जमतं, ते म्हणजे पाहुण्यांना दुबई दाखवणं. अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसवून खाडी पार करायची, सोन्याचा बाजार फिरवायचा, बुर्ज अल अरब बाहेरून दाखवायचा. पाहुणा गप्प झाला की खायला घालायचं, खाऊन गप्प झाला की पुढचं ठिकाण. आजवर एकही पाहुणा रडलेला नाही. निदान आमच्यासमोर तरी नाही.

२००२च्या मार्चमध्ये चीनमधल्या नानचांगला आम्हाला आमची दत्तक मुलगी मिळाली, तेव्हा मी आणि माझ्या बायकोनं, संध्यानं, हेच सुरू केलं. उर्वी, वय अडीच. अनाथाश्रमानं तिला आमच्याकडे दिलं ते एका दिवसाच्या बोलीवर. उद्या कचेरीतली अधिकारी बाई तिघांना समोर बसवून बघणार, आणि मगच शिक्का. उर्वी मात्र आल्यापासून रडत होती. संध्यानं बेसनाचा लाडू पुढे केला, ती रडली. मी कडेवर घेऊन खिडकीतून नदी दाखवली, ती आणखी रडली.

"अरे, किती दाखवशील तिला?"

"मग काय, नुसतं बसू?"

आमच्या गाईड लीनबाईंना आजचं फिरणं रद्द करायला सांगितलं. "कार्यक्रमात आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी स्वतः शंभर पाहुण्यांना ऐकवलंय, त्यामुळे निमूट निघालो.

नदीकाठचा जुना मनोरा. मी उर्वीला उचलून पायऱ्या चढत होतो आणि तिला मराठीतून इतिहास सांगत होतो, जो मला माहीत नव्हता. एका म्हातारीनं आम्हाला थांबवून चांगलंच झापलं.

"काय म्हणतायत?" संध्यानं विचारलं.

"मुलीला कपडे कमी घातलेत," लीनबाई म्हणाल्या.

"म्हणजे आत्याबाई इथेही आहेत."

पण मग संध्या पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "उद्या त्या बाई नाही म्हणाल्या तर?"

हात भरून आले होते, म्हणून उर्वीला खाली ठेवलं. तेवढ्यात एका बालवाडीची रांग खाली उतरत आली, प्रत्येक पोरानं पुढच्याचं जाकीट धरलेलं. उर्वी थांबली, बघत राहिली, आणि चालत जाऊन शेवटच्या पोराचं जाकीट धरलं. रडणं बंद.

"आश्रमात असंच चालवतात," लीनबाई म्हणाल्या. "जेवायला, झोपायला, सगळीकडे. उचलून घ्यायची सवय नाही मुलांना."

आणि आम्ही तिला सकाळपासून खाली टेकूच दिलं नव्हतं.

संध्या उठली. उर्वीची मूठ अलगद सोडवून तिच्यात स्वतःच्या कुडत्याचं टोक दिलं आणि माझा शर्ट मागून धरला. मग कन्स्ट्रक्शन कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर, त्याची बायको आणि मुलगी अशी रांग मनोरा चढली. लीनबाई सर्वांत मागे आल्या. हे कार्यक्रमात नव्हतं. वरून काय दिसतं, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत तसेच शिरलो. अधिकारी बाईंनी चष्म्यावरून रांग पाहिली, काहीही विचारलं नाही आणि शिक्का मारला.

कागदपत्रं उरकून दोन आठवड्यांनी दुबईला उतरलो. पासपोर्टची रांग लांबलचक. पुढे मी, मागे संध्या, तिच्या कुडत्याला उर्वी. अर्ध्या तासानं उर्वीनं कुडता सोडला, संध्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

संध्यानं माझ्याकडे पाहिलं. "उचलू?"

"मला काय विचारतेस? हात तिनं वर केलेत."

तिनं उचललं. उर्वीनं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. रांग पुढे सरकली होती आणि आम्ही तिथेच उभे होतो.

"यल्ला, हबीबी, यल्ला," मागून कुणीतरी पुढे सरकायची घाई करत म्हणालं.