दुहेरी विणीचं पांघरूण

खट्.

दुपारच्या त्या गप्प घरात एवढाच आवाज झाला. तो माझाच होता. लाईन तुटली की माझ्या पोटात असं खट् होतं. पाठोपाठ खुर्ची मागे सरकली आणि बेरिल ओरडली, "उचललात ना फोन? पुन्हा उचललात!"

"फोनच्या पेटीला कुलूप आहे आणि मी मासे साफ करतेय," तिच्या सासूबाई, रिस्पाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "हातांचा वास घेऊन बघ हवं तर."

"चावी तुमच्याच गळ्यात असते."

"मग गळाही तपास माझा."

मित्रांनो, ज्याच्यावरून ही भांडणं पेटत, तो मी. एक जुना मोडेम. टेलिफोनच्या तारेतून संगणकाला पत्रं आणून देणारा. मध्येच कोणी फोन उचलला की माझी लाईन तुटते.

माझी चांगली वर्षं मोंबासाच्या एका कचेरीत गेली. तिथे टेबलावर मी उघडा बसायचो, डोक्यावर पंखा फिरायचा. "हा कधी दगा देत नाही," असं साहेब म्हणत. मग नवी यंत्रं आली, माझा लिलाव झाला. बंदरावर काम करणाऱ्या ओकोने मला आणि एका थकलेल्या संगणकाला विकत घेतलं आणि बसने तळ्याकाठच्या होमा बे गावी, आपल्या बायकोकडे पाठवून दिलं. बायको म्हणजे बेरिल. प्राथमिक शाळेत शिकवायची.

या घरात उघडं काहीच नसे. रेडिओवर, टीव्हीवर, खुर्च्यांच्या पाठींवर रिस्पाबाईंनी विणलेली पांढरी कापडं. टेलिफोन तर लाकडी पेटीत कुलपाआड. मला त्या पेटीवर बसवलं, मागच्या भोकातून तार दिली, आणि पहिल्याच दिवशी माझ्याही अंगावर कापड आलं.

"काय पण अक्कल," रिस्पाबाई म्हणाल्या. "मी पुढून कुलूप लावते आणि हा चोर मागच्या भोकातून बोलतो."

होमा बेचा उन्हाळा, तळ्यावरची दमट हवा, वर ते कापड. दहा मिनिटांत माझं अंग भाजू लागे, दिवे अडखळत, आणि खट्. मला सांगायचं होतं हो. पण मला फक्त किंचाळता येत होतं, तेही लाईन जोडताना.

एरवी हे चालून गेलं असतं. पण नैरोबीच्या एका शिक्षक महाविद्यालयात बेरिलची निवड झाली. छोटं पत्र आलं: फॉर्म वेगळा पाठवत आहोत, शुक्रवारपर्यंत भरून परत पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. फॉर्म जड होता. दहा मिनिटांत निम्मा उतरे, लाईन तुटे, पुन्हा पहिल्यापासून. किसुमू शहरात जाऊन उतरवून घ्यावा, तर शाळा रजा देईना.

बेरिलने काय नाही केलं! तार बदलली. फ्रिज बंद ठेवला. पहाटे लावून पाहिलं. माझ्या पाठीत दोन चापट्या मारल्या. शेवटी वेकेसा मिस्त्रीला निरोप धाडला. तो मंगळवारी आला तेव्हा ती शाळेत होती.

वेकेसाने दोन बोटांनी माझ्यावरचं कापड उचललं, घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं. मला उघडलं, फुंकलं, लाईन जोडली. रिस्पाबाईंच्या हातचा चहा पीत पंचवीस मिनिटं बसला. मी एकदाही तुटलो नाही. पत्रपेटी उघडायचा परवलीचा शब्द बेरिलकडे, म्हणून फॉर्म मात्र तिथेच राहिला.

"मावशी, ठणठणीत आहे हा. धूळ तेवढी आत जाते. जपा," तो म्हणाला. आणि जाताना त्याने ते कापड पुन्हा माझ्यावर घातलं, चारी कोपरे सारखे करून. दुसऱ्याच्या घरची वस्तू उघडी टाकून जाणाऱ्या मिस्त्रीला आमच्याकडे पुन्हा कोणी बोलावत नाही.

रिस्पाबाईंनी त्याच दुपारी सुई हातात घेतली.

"ठणठणीत?" संध्याकाळी बेरिल म्हणाली. "मग तोडतंय कोण?"

"तूच सांग. शिकलेली तू."

"मी नैरोबीला गेलेली तुम्हाला नकोय. सरळ सांगा ना!"

"नकोच आहे! पोर कोण सांभाळणार? मीच ना? एका शब्दाने विचारलंस मला?"

मग दोघींनी बोलणं टाकलं. मक्याच्या घट्ट उकडीचं, उगालीचं भांडं आदळायचं, दार आदळायचं. गुरुवारी माझ्यावर नवं कापड आलं, जाड, दुहेरी विणीचं. आता मी सहा मिनिटंही टिकेना. पाच वर्षांच्या अविनोने माझ्यावर गाल टेकला.

"आई, याला ताप आलाय."

"सरक गं. आधीच डोकं उठलंय माझं."

शुक्रवारी बेरिलने अकरा वेळा लाईन जोडली. अकराही वेळा खट्.

शनिवारी रिस्पाबाईंनी घरातली सगळी कापडं धुवायला काढली. रविवारी चर्चच्या बायका येणार होत्या. मंगळवारची ती पंचवीस मिनिटं सोडली, तर कित्येक महिन्यांनी माझ्या अंगाला वारा लागला. बेरिल केवळ सवयीने येऊन बसली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. तेविसाव्या मिनिटाला फॉर्म पुरता उतरला. शेवटची तारीख: काल.

तिने माझ्यावर हात ठेवला. मी कोमट होतो. ती उठली, अंगणातल्या दोरीवरून ते ओलं जाड कापड ओढून आणलं आणि सासूसमोर धरलं. "हे होतं. फोन नाही. हे!"

रिस्पाबाईंच्या हातांना खळ लागलेली होती. त्यांनी कापडाचं एक टोक हातात घेतलं.

"मिस्त्री म्हणाला धूळ जाते. तुझा फॉर्म यावा म्हणून दोन दिवस डोळे फोडून विणलं. तू गेलेली नको होतीस मला. तरी विणलं."

"मग बोलायचं होतंत!"

"बोलू दिलंस?"

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या यंत्रांना खुशाल शिव्या द्या, चापट्या मारा. पण घरातल्या माणसाला चोर ठरवण्याआधी एकदा आमच्या अंगाला हात लावून बघा. एवढंच मागणं आहे.

कापडातलं पाणी फरशीवर ठिबकत होतं. अविनो माझ्याजवळ आली आणि तिने माझ्यावर इवलासा तळवा ठेवला.

"उतरला ताप," ती म्हणाली. मग मान वळवून तिने बेरिलला विचारलं, "आई, मी सांगितलं होतं ना? तेव्हा तू का नाही ऐकलंस?"