बुडालेले चिंचोके

हेडमास्तर निवृत्त झाले आणि बोन्साय मंडळाचे अध्यक्ष झाले. झाड म्हणजे काय ते मंडळात आपल्या एकट्यालाच कळतं, असं त्यांचं प्रामाणिक मत. त्यातून मंडळातला एक सभासद, गावचा न्हावी, त्यांचाच जुना, तीनदा नापास झालेला विद्यार्थी. त्याच्या कुंड्यांपुढे माणसं रेंगाळत, हे त्यांना फार झोंबे.

"कात्री कुणीही चालवतं रे," ते भर बैठकीत न्हाव्याला म्हणाले. "बी रुजवून दाखव, मग बोल."

"तुम्हीच दाखवा की, सर. महिन्यानं तुमच्या अंगणात बैठक घेऊ. तुमच्या हातचं एक जरी रोप दिसलं, तर जन्मभर तुम्हीच अध्यक्ष. नाही दिसलं, तर खुर्ची सोडायची."

हेडमास्तरांनी पिशवीभर चिंचोके वेचून बादलीत टाकले. थोडे तरंगले, बरेच बुडाले. गाठीशी चाळीस वर्षांचा अनुभव!

"वर आले ते हुशार, तळाला गेले ते ढ."

हुशार चिंचोके त्यांनी ट्रेमध्ये ओळीनं पेरले, प्रत्येकाशेजारी क्रमांकाची पट्टी खोचली. ढ मंडळी मोरीत ओतली जाणार, तोच बायको म्हणाली, "अहो, द्या इकडे." तिनं ते फुटक्या घमेल्यात मातीआड केले.

महिनाअखेर ट्रेमध्ये पट्ट्या तेवढ्या डोलत होत्या. घमेल्यात अठरा रोपं. बैठकीच्या सकाळी हेडमास्तरांनी पट्ट्या उपटून घमेल्यात लावल्या.

"अहो, हे काय?"

"तू चहाचं बघ."

मंडळ वाकून वाकून रोपं पाहू लागलं.

"मानलं, सर!" न्हावी म्हणाला. "बी निवडलं कसं?"

हेडमास्तर खुलले. "तरंगणारंच घेतलं. बुडणाऱ्यांच्या नादी मी जन्मात लागलो नाही."

"ते माहितीये, सर. पण तरंगतं ते पोकळ असतं, किडकं. सात जन्म रुजायचं नाही. मग ही रोपं कुणाची?"

बायको कपबशा घेऊन दारात उभी होती. नवऱ्यानं डोळे वटारले.

"बुडालेल्यांची," ती हळूच म्हणाली. "खोटं कसं बोलू? यांनी टाकले, मी पेरले. साखर कमी असली तर सांगा हं."

हेडमास्तर ताडकन आत गेले आणि राजीनामा लिहायला बसले. मंडळाच्या उभारणीतला आपला वाटा, आपली शिस्त, आपला त्याग... बाहेर चहाची दुसरी फेरी झाली, आत तिसरं पान भरलं. राजीनाम्याचा शब्द मात्र अजून यायचाच होता.